संथ सरावाचा अर्धाच सल्ला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत वाद्याच्या सरावाविषयी आलेला लेख वाचला. ‘आधी हळू वाजवा, वेग आपोआप येईल’ या त्यातील सल्ल्याचा पहिला भाग मला पूर्णपणे मान्य आहे. दुसऱ्या भागाविषयी मात्र, बरीच वर्षे हौसेने व्हायोलिन वाजवणारा वाचक म्हणून, काही लिहावेसे वाटते.

मेट्रोनोम, म्हणजे मिनिटाला ठरावीक ठोके देणारे लययंत्र, १२० ठोक्यांवर ठेवून ठोक्याला चार स्वर वाजवले, तर सेकंदाला आठ स्वर होतात आणि एका स्वराच्या वाट्याला जेमतेम एक अष्टमांश सेकंद येतो. चूक कानाला कळेपर्यंत बोटे पुढच्या दोन-तीन स्वरांवर गेलेली असतात, त्यामुळे काहीतरी बिघडले एवढेच समजते, काय बिघडले ते समजत नाही. तीच ओळ ६० वर, ठोक्याला दोनच स्वर घेऊन वाजवली, की प्रत्येक स्वराला अर्धा सेकंद मिळतो. माझ्या एका जलद ओळीत ठरावीक जागी खरखर येत असे. दोष करंगळीचा धरून मी पंधरा दिवस तिलाच राबवले. अखेर लय एवढी उतरवली तेव्हा दिसले की करंगळी तारेवर पक्की बसण्यापूर्वीच उजव्या हातातला गज दिशा बदलत होता. करंगळी बिचारी निर्दोष होती! बोट आधी टेकवायचे आणि मग गज वळवायचा, एवढे त्या संथ लयीत घोटल्यावर खरखर गेली.

पण हळू वाजवताना हात जे करतो तेच जलद वाजवताना करत नसेल, तर त्या सरावाचा उपयोग थोडाच होतो. संथ लयीत गज टोकापासून टोकापर्यंत ओढण्याचा मोह होतो आणि त्यासाठी सारा दंड हलतो. जलद ओळीत मात्र गजाचा मधला दोन-तीन बोटे रुंदीचाच भाग वापरात येतो आणि काम प्रामुख्याने मनगटाचे असते. म्हणून हळू वाजवतानाही गज तेवढाच आणि तिथेच वापरायला हवा, मग आवाज थोडा कोता वाटला तरी चालेल. पियानोवर अडचण बोटांच्या क्रमाची असते. सावकाश वाजवताना कोणताही क्रम सोयीचा वाटतो, पण लय वाढली की अंगठा वेळेवर पोहोचत नाही. तेव्हा आधी चार स्वर पूर्ण वेगात वाजवून क्रम ठरवावा आणि मगच तो संथ लयीत बसवावा. फुंकून वाजवायच्या वाद्यांवर लय निम्मी केली की त्याच ओळीला दुप्पट वेळ श्वास पुरवावा लागतो, त्यामुळे तिथे ओळीचे तुकडे करणे भाग पडते. काठीने वाजवायच्या तालवाद्यांवर जलद लयीत काठीला मिळणारी उसळी हाताला साथ देते. फार संथ वाजवताना मात्र प्रत्येक वेळी काठी हातानेच उचलली जाते, आणि ही सवय लागली की पुढे खांदा भरून येतो.

मेट्रोनोमचा काटा रोज चार-चार ठोक्यांनी वर सरकवण्याची पद्धतही याच कारणाने एखाद्या आकड्यावर येऊन अडते, कारण तिथून पुढे हालचालच निराळी लागते. माझ्या अनुभवात अधिक उपयोगी ठरला तो उपाय असा: चार-पाच स्वरांचा तुकडा पूर्ण वेगात वाजवून थांबायचे, हात सैल सोडायचा, तोच तुकडा पुन्हा संथ लयीत ऐकत वाजवायचा आणि तो सुटसुटीत झाल्यावरच पुढचा एक स्वर जोडायचा. लक्ष नसताना, खांदा आखडून वीस वेळा हळू वाजवले, तर आखडलेला खांदाच पाठ होतो.

जाता जाता एक विनंती. लेखात लयीचे आकडे दिले होते, पण ठोक्याला किती स्वर घ्यायचे ते कुठेच नव्हते. ‘८०’ म्हणजे ठोक्याला एक स्वर असेल तर ती निवांत लय झाली आणि चार असतील तर बोटांची धावपळ. पुढील लेखांत ही जोड छापल्यास नवशिक्यांचा गोंधळ टळेल.

आपला,
एक हौशी व्हायोलिनवादक