आप्पांच्या बाजूचं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२० नोव्हेंबर

प्रिय मेघा,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "अगं, पण तुला झालंय का काही?" दोन्ही वेळा मी "नाही" म्हणून विषय बदलला. म्हणून आता लिहायला बसले. (आपल्यात "बसलो" म्हणायला पाहिजे, पण पत्र तुझ्या पुण्याच्या सासूबाईंच्या हाती पडलं तर?)

वैशूताई आठवते ना, आत्याची थोरली? ४१ व्या वर्षी तिच्या स्तनात गाठ निघाली. परळला, टाटाला उपचार झाले. वय कमी, त्यात आईला अंडाशयाचा कॅन्सर झालेला, म्हणून तिथं तिची जनुकाची तपासणी केली. बीआरसीए-१ मध्ये बिघाड निघाला. मग आम्हा भावंडांनाही तपासून घ्यायला सांगितलं. मी रक्त दिलं. माझ्यातही तोच बिघाड आहे.

हे जनुक शरीरात रफूचं काम करतं. डीएनएचा धागा तुटला की सांधायचा. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, आईची एक, वडिलांची एक. माझी एक जन्मापासून फाटकी आहे, दुसरीवर गाडं चाललंय. अशा बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास, अंडाशयाचा ४० च्या आसपास. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की मलाच त्यांना धीर द्यावासा वाटला.

आता राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तीन वर्षांपूर्वी मी इथल्या एका डॉक्टरांना आत्याचं सांगितलं होतं. "आईकडे कुणाला आहे का?" "नाही." "मग काळजी करू नका." झालं! जणू बापाकडून पोरीला फक्त आडनाव येतं.

आत्या १९९६ ला गेली, आजी त्याच्या कितीतरी आधी. आजीचं आमच्याकडे काय सांगत ठाऊक आहे ना? "पोटात पाणी झालं." लहानपणी मला वाटायचं, विहिरीचं पाणी बाधलं असेल. आत्याचंही तेच, पोट फुगलं, पाणी काढलं, पुन्हा भरलं. हे जनुक १९९४ साली सापडलं तेव्हा आपण दुसरीत होतो आणि आत्या रंकाळ्यावर आपल्याला भेळ खाऊ घालत होती.

आप्पांना सांगायला मला आठ दिवस लागले. तू ओळखतेस त्यांना. जन्म गुळाच्या अडतीत गेला, बायकांच्या आजाराचा विषय निघाला की चप्पल घालून बाहेर पडणारा माणूस. मी कागदावर आजी, आत्या, आप्पा, मी अशा रेघा ओढून दाखवल्या. आप्पा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजी माझ्याकडनं आलं की हे."

मी म्हटलं, "आप्पा, तुमच्याकडं ते आजीकडून आलं."

"आईला दोष दिऊ नगंस."

त्यानंतर दोन दिवस रंकाळ्याला फिरायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते, तर दारात उभं राहून, "माझं काय काढून टाकायचं असलं तर काढू दे की. मला ने." त्यांना कसं समजावू, की त्यांचं काही काढून माझं काही जात नाही? तवा जळेपर्यंत मी तशीच उभी.

वैशूताईसमोर तर भीती बोलायची चोरीच. तिच्या डोक्यावर आत्ता कुठं केस आलेत, आणि मी तिला काय सांगू, मला न झालेल्या आजाराच्या भीतीनं झोप येत नाही म्हणून? आजारी माणसाला भेटायला लोक नारळपाणी घेऊन येतात. माझ्याकडे येतात ते नारायण नागबळी करून घे म्हणायला. एका मावशींनी तर "जास्त विचार केला की होतो" असं सांगून माझ्या विचारांवरही पाळत बसवली. आंघोळीला गेले की हात आपोआप तपासायला लागतो. बाहेरून ईश्वरी ओरडते, "आई, किती वेळ!"

ती नऊ वर्षांची आहे. तिच्याकडे ते गेलं असण्याची शक्यता निम्मी. तिची तपासणी ती मोठी झाल्यावर, तिनं ठरवली तर. तोवर मी तिच्या केसांना तेल लावताना छापा की काटा करत बसते. मूर्खपणा आहे, कळतं.

दादाचं मात्र काय करू सांग. त्यालाही निम्मी शक्यता, तो तपासायला तयार नाही. "पोरीला स्थळं बघालोय. असल्या कागदावर कोण सोयरीक करंल?" शाल्मली २४ ची आहे. दादाला आहे असं निघालं, तर तिला विचारून तिची तपासणी करता येईल, आणि निघालंच तर वेळेवर लक्ष ठेवता येईल. दादानं मला शपथ घातली आहे. परवा ती घरी आली, आप्पांच्या शेजारी बसून शेंगा सोलत होती, आणि माझ्या तोंडावर आलेलं मी तीनदा गिळलं. दादा-वहिनी वाईट नाहीत गं. भ्यालेत. तू असतीस तर शपथ मोडली असतीस का? खरं लिही, माझं मन राखू नकोस.

माझं असं ठरलंय: दर वर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी. अंडाशयासाठी अशी भरवशाची तपासणीच नाही, म्हणून अंडाशय आणि नळ्या ३५ ते ४० च्या दरम्यान काढून टाकायला सांगतात. मी ३७. संजयला दुसरं मूल हवं होतं. तो आता तो विषय काढत नाही, आणि त्यानं काढला नाही म्हणून मी त्याच्यावर चिडते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन. पाळी एकदम बंद होईल, अंगातून वाफा निघतील, हाडांकडे बघावं लागेल. स्तनांचं अजून ठरवलेलं नाही. त्यावर एवढ्यात विचारू नकोस.

पहिला एमआरआय झाला, पालथं झोपवून. आतला आवाज थेट गुऱ्हाळाच्या इंजिनासारखा. आप्पांना सांगितलं तर पहिल्यांदा हसले, "मग काहिलीत काय व्हतं?"

पुढची तपासणी पुढच्या महिन्यात, मुंबईला. महालक्ष्मीनं जाणार आहोत. मी, आणि हट्टानं आप्पा. गाडी पुण्याला भलत्या रात्री येते, तेव्हा तू उठू नकोस, थंडी असेल. मी आप्पांना तसं सांगितलंय. तरी त्यांनी तुझ्यासाठी नव्या गुळाचा एक रवा फडक्यात बांधून ठेवलाय.

तुझी,
सुमी