बाबांचे पीएफचे कागद काढून ठेवा

अनगोळ, बेळगाव

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. नंदगडच्या बाजूला रेंज जाते तशी गेली, आणि बाबांच्या कानावर एवढंच पडलं की पगारात गोंधळ झालाय. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही असं आत्या सांगत होती, म्हणून सगळं लिहूनच कळवते. बाबा, एक विनंती आधीच करते. उद्यमबागेतल्या तुमच्या ओळखीच्या कुणालाही फोन करून माझ्यासाठी शब्द टाकू नका. नोकरी नीट चालली आहे.

गोंधळ सुरू झाला तो जॉइन व्हायच्या दिवशीच. मुलाखत कंपनीने घेतलेली, ऑफर लेटर कंपनीच्या लेटरहेडवर आलेलं, आणि सहीला पुढे आला तो कागद लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नावाचा. त्यात क्वालिटीच्या कामाऐवजी 'हेल्पर' लिहिलेलं. त्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टवरची बरीच पोरं लागत होती, त्यांच्या यादीत माझंही नाव गेलं होतं. तुम्ही म्हणालात, "सही करून टाकायची की, मागनं बघता येतंय." मागनं बघता येत नाही, बाबा. त्या कागदावर सही झाली की आपला मालक तो कॉन्ट्रॅक्टर. पीएफ त्याच्याकडून भरला जाणार आणि त्याचं कंत्राट सुटलं की आपणही बाहेर. मी ऑफर लेटर टेबलावर ठेवलं आणि सही केली नाही. एचआरच्या मॅडम कन्नड बोलणाऱ्या, स्वभावाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "बरदु कोड्री," म्हणजे लिहून द्या. तिथंच बसून अर्ज लिहिला आणि झेरॉक्सवर पोच म्हणून शिक्का घेतला. थोड्या दिवसांनी कंपनीच्या नावाचं नेमणूक पत्र हातात आलं. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यावंच लागतं. म्हणजे मी काही जगावेगळं मागितलं नव्हतं.

पगाराची चूक यातूनच झाली. कंपनीच्या यादीत नाव नसल्यामुळे सुरुवातीला माझं पंचिंग होत नव्हतं, अंगठा ठेवला की मशीनचा लाल दिवा लागायचा. मग गेटवरचे वॉचमन मामा रजिस्टरात नाव लिहून सही घ्यायचे. पगार आला तेव्हा तेवढे दिवस बिनपगारी धरलेले. अकाउंट्सवाले म्हणाले, सिस्टीममध्ये हजेरीच नाही. मी गेटवर गेले. मामांनी ते लांबलचक रजिस्टर काढून बोट ओलं करत पानं उलटली. आत आलेल्या दोन ट्रकांच्या नंबरांच्या मध्ये निळ्या शाईत माझं नाव होतं, आत आठ वीस, बाहेर पावणेसहा, शेजारी माझी सही. त्या सगळ्या पानांचे फोटो काढून अर्जाला जोडले. फरकाची रक्कम पुढच्या पगारात मिळेल असं आता लेखी आलंय. मामांनी इतकं चोख लिहून ठेवलं नसतं तर माझ्या हातात काहीच नव्हतं. त्यांच्यासाठी येताना आईच्या हातच्या तांदळाच्या शेवया आणणार आहे.

आई, तू विचारत होतीस ते दोनशे रुपये मात्र बरोबर कापलेत. तो प्रोफेशनल टॅक्स. कर्नाटकात महिन्याला २५,००० किंवा जास्त पगार असला की सगळ्यांचाच कापतात, फेब्रुवारीत तीनशे.

आता पीएफ. मच्छेच्या जुन्या कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीख पीएफमध्ये भरलीच नव्हती. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपली आपल्याला आधारच्या ओटीपीवर भरता येते, ती मी भरली. नव्या कंपनीत रुजू होताना भरायच्या फॉर्म ११ वर जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा एकच नंबर) दिला, म्हणजे आधीची नोकरी पुढे जोडली जाईल. आपले १२ टक्के कापतात, कंपनीही १२ टक्के घालते, आणि कंपनीच्या वाट्यातला एक भाग पेन्शनला जातो. ती पेन्शन ५८व्या वर्षी सुरू होते, पण त्याला एकूण १० वर्षांची नोकरी लागते. खाती एकमेकांना जोडली नाहीत की वर्षं तुटक राहतात.

हे मी इतकं धरून बसले, बाबा, ते तुमच्याकडे बघून. पहिल्या फाउंड्रीत सात वर्षं आणि दुसरीत पाच, असं तुम्हीच सांगता. यूएएन २०१४ला आला, त्याआधी दर नोकरीला नवा नंबर पडायचा. तुमचे दोन नंबर झाले, दुसऱ्या ठिकाणी आडनावाचं स्पेलिंगही वेगळं लिहिलं, आणि दोन्ही कुणी जोडलेच नाहीत. तुम्ही म्हणत आलात, "दहा वर्षं भरली नाहीत, आपल्याला कुठली पेन्शन." सात आणि पाच मिळून बारा होतात की! पहिल्या ठिकाणचे पैसे तुम्ही काढलेच नाहीत. दुसऱ्या ठिकाणचा फंड काढताना फक्त फॉर्म १९ भरला होता की सोबत १०सी पण, एवढं आठवून बघा. १०सी भरून पेन्शनचे पैसेही उचलले असतील तर ती पाच वर्षं हिशोबातून गेली. नसतील तर आपला हक्क अजून शाबूत आहे आणि मी तो सोडणार नाही. मिळेलच असं आत्ता म्हणत नाही, आधी कागद बघू दे. पण वितळलेल्या लोखंडापुढे उभं राहून तुम्ही काढलेली वर्षं स्पेलिंगपायी वाया जातात, हे मला सहन होत नाही. तेव्हा घरात आम्ही लहान, तुम्ही कुणाकडे विचारायला जाणार होता? आता विचारायला मी आहे.

या रविवारी येते. माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून पीएफच्या वार्षिक स्लिपा, जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या (त्यावर पीएफ नंबर छापलेला असतो) आणि काम सोडल्याचं पत्र काढून ठेवा. फाटकं, पुसट असलं तरी फेकू नका.

तुमची लेक,
सुमन

ता. क. बाबांचं आधार कुठल्या मोबाईल नंबरला जोडलंय ते बघून ठेवा. आईच्या नंबरला असेल तर तो फोन रविवारी चार्ज करून घरातच असू दे, ओटीपी त्यावरच येणार.