मालवणच्या काकूंना, दर्यापूरकडच्या आठ जणींकडून

आदरणीय काकू,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही मधेच तोडता. "तेका काय झाला," म्हणता आणि इकडच्या पावसाची चौकशी सुरू करता. पत्रात तुम्हाला मधे बोलता येणार नाही, म्हणून लिहून राहिली. सूनबाईला वाचून दाखवायला सांगा. तुमचं नाव आणि वाडीचं नाव मुद्दाम घालत नाही. घातलं तर पुढच्या सुट्टीत तुमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पन्नास गाड्या उभ्या राहतील आणि तुम्ही कोणालाच नाही म्हणणार नाही, हे मला माहीत आहे.

आमच्या तालुक्याचं नाव दर्यापूर. नावातच दर्या, पण गटातल्या आठ जणींपैकी एकीनेही तो पाहिलेला नव्हता. डाळीच्या विक्रीतून दोन वर्षं थोडे थोडे बाजूला टाकले, तूर आणि हरभरा विकून झाला, आणि एप्रिलच्या शेवटी अकोल्याहून मडगावच्या गाडीत बसलो. घरच्यांचं म्हणणं होतं, पंढरपूरला जा, शेगावला जा, समुद्रात काय ठेवलं आहे. आजीनेच (आमच्या गटातली सगळ्यात मोठी, सत्तरी ओलांडलेली) सगळ्यांना गप्प केलं. "पंढरपूर पाह्यलं, शेगाव पाह्यलं. आता जे पाह्यलं नाई ते पाहू दे मले."

कुडाळला उतरलो तोवर सगळं ठीक होतं. लॉजचे पैसे ज्या माणसाने आधी घेतले होते, त्याचा फोन तिथून पुढे लागलाच नाही. मालवणला त्या नावाची नोंद नव्हती, बाकी सगळं सुट्टीच्या गर्दीने भरलेलं. रात्रीचे दहा वाजत आलेले. एसटी स्टँडच्या बाकावर आठ बाया, आठ पिशव्या आणि आजीचा पितळी गडू. मी गटाची सचिव, म्हणजे हिशेब माझ्याकडे आणि शिव्याही माझ्याच वाट्याला.

तुम्ही लेकीला घ्यायला आला होता. तिची गाडी उशिरा होती म्हणून जवळ येऊन विचारलं, "खंयसून इलात गो?" मी अमरावती जिल्हा म्हटलं. तुम्ही म्हणालात, म्हणजे नागपूर. बरं, नागपूर तर नागपूर. त्यानंतर तुम्ही काही विचारलंच नाही. लेक आली, दोन रिक्षा थांबवल्या, आणि आम्ही देवबागच्या वाटेवर निघालो सुद्धा.

खरी पंचाईत रिक्षात सुरू झाली. "मासे खातास मां?" तुम्ही विचारलं आणि आमच्यातल्या तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या. तिघी माळकरी. वरून त्या दिवशी चैत्र वद्य एकादशी. ज्या घरात जाळी विणली जातात, माशांवरच चूल पेटते, तिथे जाऊन "आम्हाला तुमची भांडी चालत नाहीत" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मी गुळमुळीत काहीतरी बोलले. तुम्ही हसलात. घरी पोचल्यावर फळीवरून गौरी-गणपतीच्या नैवेद्याची भांडी खाली काढली, सूनबाईने ती पुन्हा घासली, आणि खळ्यात तीन चिरे मांडून वेगळी चूल केली. चुडतं, म्हणजे सुक्या झावळ्या, आणि नारळाची सोडणं पेटवली. रात्री साडेअकराला रताळी उकडली, ओलं खोबरं आणि गूळ दिला. आजी जेवताना काही बोलली नाही. झोपताना मात्र मला म्हणाली, "आपल्या गावात इतकी रात झाल्यावर आपण असं केलं असतं का वं?" मी उत्तर दिलं नाही.

सकाळचं सांगते. तुमची सूनबाई आम्हाला बाव, म्हणजे विहीर, दाखवायला घेऊन गेली आणि थोडं अडखळत म्हणाली, पाणी जपून वापरा. तिला अवघडल्यासारखं झालं होतं. तिला काय माहीत, आम्ही कुठून आलो ते! पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा भाग म्हणजे खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच लागतं. ते शेताला दिलं तर काळी माती आवळून दगडासारखी होते, म्हणून कापूस, तूर, मूग, हरभरा सगळं आभाळाच्या भरवशावर. प्यायचं पाणी शहानूर धरणातून नळाने येतं, आणि नळाला पाणी यायच्या दिवशी आमच्याकडे लग्न असलं तरी बाई आधी भांडी भरते. आठ जणींनी पाच बादल्यांत आंघोळी आटोपल्या आणि उरलेल्या पाण्यात तुमच्या अळवाची आळीसुद्धा भिजवली. तुम्ही बादल्या मोजल्या, मी पाहिलं आहे.

आम्हाला मात्र तुमच्या पाण्याचं नवल वाटलं. आमच्या तिप्पट पाऊस पडतो कोकणात, आणि उन्हाळ्यात बाव तळाशी! तुम्ही पायाखालचा जांभा दाखवलात. भोकाभोकाचा दगड, पाणी आत जातं आणि उताराने समुद्राला मिळतं, थांबत नाही. आमची काळी माती धरून ठेवते, पण खालचं पाणी खारं. तुमची लाल माती गोडं देते, पण सोडून देते. देवाने वाटणी कशी केली कोण जाणे.

अंगणाचंही लिहायचं आहे. तुम्ही उठायच्या आत आमच्या दोघींनी खळं झाडून काढलं, म्हणून तुम्ही रागावलात. पाहुण्याने झाडू हातात घ्यायचा नाही म्हणे. काकू, गाडगेबाबांचा जन्म आमच्याच भागातल्या शेंडगावचा. बाबा गावात आले की आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. आमच्याकडे ज्याच्या घरी जेवलो त्याचं अंगण झाडलं तर कोणी रागावत नाही. बाबांच्या दशसूत्रीतल्या पहिल्या दोन गोष्टी, भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी, तुम्ही रात्रीच उरकल्या होत्या. आमच्यासाठी झाडूच शिल्लक होता.

आता समुद्र. तुम्ही आम्हाला सरळ पाण्यात जाऊ दिलं नाही. ओट्यावर बसवून बोटांच्या पेरांवर हिशेब शिकवलात. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. काल एकादशी होती, म्हणजे सव्वाआठ, आज द्वादशी, म्हणजे नऊ. तिथून सहा तासांनी ओहोटी पूर्ण. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. आणि एक ताकीद: कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, देवबागच्या टोकाला, ओहोटीत पाण्यात पाय घालायचा नाही, नदी आणि समुद्र दोघं मिळून बाहेर ओढतात. आमच्यासमोरच शहरातली पोरं तिथे उड्या मारत होती, तुम्ही काठावरून ओरडून त्यांना बाहेर काढलंत. पोरं तोंड वाकडं करून निघाली. तुमचे आभार त्यांनी मानले नाहीत, त्यांच्या वतीने मी मानते.

आम्ही नऊ वाजता, भरलेल्या समुद्रापाशी गेलो. आजी लुगडं घोट्यापर्यंत धरून उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग वाकली, गडू बुडवला, ओंजळीत थोडं घेऊन जिभेला लावलं आणि वळून आम्हाला म्हणाली, "अवं, हे तं आपल्या हिरीचंच पानी हाय!"

तुम्ही पदर तोंडाला लावून हसत होता, ते मला अजून दिसतं.

किल्ल्याची गोष्ट त्याच्या अगदी उलट. होडीवाल्याने तासाभराची मुदत दिली होती. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी सिंधुदुर्गाचा पाया घातला, हे शाळेत पाठ केलेलं. पण चारी बाजूंनी समुद्र असलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत आणि तिन्ही गोड्या, हे कोणी शिकवलं नव्हतं. शिवराजेश्वराचं मंदिर पाहिलं, चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा पाहिला, तिथे सगळ्यांनी डोकं टेकवलं. पण आमच्या बाया खरोखर थबकल्या त्या विहिरीपाशी. पाणी पिऊन पाहिलं, पुन्हा पिऊन पाहिलं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्यांच्या विहिरी खाऱ्या, आणि समुद्रात बसलेल्यांच्या गोड्या!

संध्याकाळी तुमच्या घरच्यांनी त्याचा उलगडा केला. पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, ते वाळूत-दगडात मुरून खाऱ्याच्या वर तरंगत राहतं. हळूहळू शेंदलं तर पुरतं, मोटर लावून उपसलं की खालचं खारं वर चढतं. किनाऱ्यावर खोल्या वाढल्या, प्रत्येक खोलीला शॉवर आला, तेव्हापासून वाडीतल्या दोन बावी मचूळ झाल्याचं तुम्ही सांगितलं. सांगताना तक्रारीचा सूर नव्हता. शेजारच्या पोराने दोन खोल्या काढल्या म्हणून तो मुंबईला गेला नाही, हेही तुम्हीच सांगितलं. पण कोकणात जाणाऱ्या आमच्या माणसांना मी आता हटकून सांगते: खोली घ्या, पैसे मोजून द्या, आणि आंघोळ बादलीने करा.

रापणीचं लिहायला हवं, नाहीतर पोरी रागावतील. पहाटे किनाऱ्यावर जाळं ओढायला दोन रांगा लागल्या तेव्हा आमच्या पाच जणींनी दोराला हात लावला. माळकरी तिघी आधी लांब उभ्या होत्या. मग त्यांनीही दोर धरला, कारण दोर म्हणजे काही मासा नव्हे, असं आजीने ठरवून टाकलं. जाळं वाळूवर आलं तशी तिने पाठ फिरवली. रापणकरांनी ओढणाऱ्यांचा वाटा म्हणून आम्हालाही बांगडे देऊ केले, त्यांचं आम्ही काय करणार? तुम्ही ते घेतलेत आणि त्याबदल्यात आम्हाला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ घातलीत. एक सांगू? उसळीतल्या तिरफळाचा वास आमच्यातल्या कोणालाच आवडला नाही. उसळ मात्र पातेलं निपटून खाल्ली.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. मी पाकीट देवळीत ठेवलं होतं, ते आजीच्या पिशवीत परत निघालं, तेही आमसुलांच्या पुडीखाली. अकोल्याला उतरेपर्यंत आम्हाला कळलं नाही. हे बरं केलं नाही काकू, माझा गटाचा हिशेब अजून जुळत नाही.

जुलैमध्ये सिंधुदुर्गासह 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्याचं टीव्हीवर दाखवलं, तेव्हा आठही जणी माझ्याकडे गोळा झाल्या होत्या. तट दिसला, समुद्र दिसला. विहिरी दाखवल्या नाहीत म्हणून आजी टीव्हीवाल्यांवर चिडली. तिने दर एकादशीला आता एक नवीनच काढलं आहे. सकाळी सव्वाआठला घड्याळाकडे पाहते आणि म्हणते, "काकूच्या दारी आता समुद्र भरला असन."

नारळीपौर्णिमेला तुम्ही समुद्राला नारळ दिलात तेव्हा आमच्याकडे कापसाला फुलं होती. आता वेचणी सुरू आहे, म्हणून अक्षर जरा घाईचं आहे. डिसेंबरच्या शेवटी ज्वारी हुरड्याला येईल. माळकऱ्यांच्या गावात मासळी मिळणार नाही, पण पाटवडीचा रस्सा आणि गरम पानगे मिळतील. मडगावची गाडी परत याच वाटेने येते. शेगावला उतरा, दर्शन घ्या, तिथून आम्ही घ्यायला येतो. लोणारही दाखवू. तेही खारं पाणीच, पण त्याला भरती नाही, तुमचा पेरांचा हिशेब तिथे चालणार नाही.

तुम्ही दिलेली कोकमाच्या आगळाची बाटली संपली. आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत, तुमच्याकडेही नसतील. म्हणून तिच्यात आजीने नव्या तिळाचं तेल भरून फळीवर ठेवलं आहे. पोस्टाने पाठवणार नाही. घ्यायला या.

तुमची,
गटाची सचिव, आणि बाकी सात जणी