‘गडगडाट सोडून काढू नये’

दादा,

परवा तुम्ही कणकवलीहून एसटीने देवगडला आलात, चहाशिवाय काही घेतलं नाहीत आणि शेवटच्या गाडीने परत गेलात. गडबडीत आभार मानायचे राहिले, ते आज चारचौघांत मानतो.

तुमच्याआधी चौघांना विचारून झालं होतं. जुन्या लॅपटॉपवर ओपनबीएसडी ही फार थोडे लोक वापरतात ती ऑपरेटिंग सिस्टीम घालून टॉरचा रिले, म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरणाऱ्यांची माहिती पुढे पोचवणारा एक थांबा, चालवतोय म्हटल्यावर एकाने आवाज खाली आणून विचारलं, "डार्क वेबचं काही आहे का?" बाकीच्यांचं एकच पालुपद, "लिनक्स टाका, सगळे तेच टाकतात." अहो, सगळे तेच टाकतात हेच तर दुखणं! टॉरचे बहुतेक रिले लिनक्सवर चालतात. उद्या त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, भोक सापडलं तर एका किल्लीने सगळी आळी उघडायची. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा दोष निघाला तेव्हा भोक ओपनएसएसएल या माहिती कुलूपबंद करणाऱ्या एकाच लायब्ररीत होतं, तरी कितीतरी रिले जाळ्याबाहेर काढावे लागले.

तुम्ही 'कशाला?' म्हणून विचारलंच नाहीत. ओपनबीएसडी उघड्या फाइलींची मर्यादा आखडती ठेवते, रिलेला तर हजारोंनी जोडण्या लागतात. म्हणून तो गुदमरत होता. ते तुम्ही चहा निवायच्या आत उरकलंत.

पण खरी अडचण आई होती. आभाळ जरा भरून आलं की ती प्लग काढायची. तुम्ही ओटीवर तिच्याशेजारी बसलात. "काकी, हापूसच्या बागेत चार रायवळ कित्याक ठेवतत?"

"फळ धरूक बरा. आणि रोग इलो तर सगळाच एकदम जावक नको."

"मगे ह्यो डबो तुमच्या झिलाचो रायवळ."

आई चक्क हसली! मग तुम्ही स्विचबोर्डावर पांढरी टेप चिकटवून मार्करने लिहिलंत, 'गडगडाट सोडून काढू नये'. तिची भीती खोटी ठरवली नाहीत, तिच्यासाठी जागा ठेवलीत. कॉम्प्युटर येणारे तालुक्यात पुष्कळ. म्हातारीशेजारी बसणारा मी तरी पहिलाच पाहिला.

काल रात्री वीज कडाडली तेव्हा तिने प्लग काढला. पहाटे उठून बघतो तर तिनेच परत लावलेला.

पेटी पाठवतोय. वरचे चार रायवळ आईने स्वतः निवडलेत.