विषय: रेंडर लावला की बंद पडून आपोआप सुरू होणारा संगणक, आणि तीनदा ‘सोडवलेली’ तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

शनिवारी दुपारी आपल्या हेल्पलाइनवर ४७ मिनिटं घालवली आणि मग हे पत्र लिहायला बसले. संगणक आपणच बनवलेला आहे, तेव्हा त्यात काय काय बसवलंय ते मी सांगायला नको. सात महिन्यांपूर्वी ७८,५०० रुपयांना घेतला. तीन वर्षांची घरपोच वॉरंटी आहे. बिल सोबत जोडलं आहे.

दोष साधा आहे. भाची रेंडर लावते (म्हणजे इमारतीच्या मॉडेलचं चित्र संगणकाकडून तयार करून घेते, त्यात यंत्रावर खूप ताण येतो), पंख्यांचा आवाज चढतो, पाच-दहा मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि यंत्र पहिल्यापासून सुरू होतं. (भाची नाशिकची, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला, आमच्याकडे राहून शिकते.) त्याच यंत्रावर मी सोसायटीचे हिशेब तीन-तीन तास करते, तेव्हा काही होत नाही. हा फरक मी आपल्या प्रत्येक माणसाला सांगितला. एकानेही लिहून घेतला नाही.

आता शनिवारचा फोन.

“मॅडम, एकदा रीस्टार्ट करून बघितला का?” यावर मी गप्प बसले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

“स्क्रीनवर काय मेसेज येतो?” काहीच येत नाही, मी म्हटलं. सेटिंगमधली आपोआप रीस्टार्टची खूण काढून ठेवली आहे, तरी विंडोजची चूक दाखवणारी निळी स्क्रीन येत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दर वेळी कर्नल-पॉवर ४१, बगचेक कोड (विंडोजच्या चुकीचा नंबर) शून्य. विंडोज कोसळताना जी डंप फाइल लिहितं, ती एकही नाही. ४१ नंबर कारण सांगत नाही, यंत्र नीट बंद न होता गेलं एवढंच सांगतो, हे मला कळतं. पण शून्य कोड आणि रिकामा डंप फोल्डर हे दोन्ही एकत्र दिसले की आधी वीज कुठे तुटते ते बघायला हवं.

पलीकडे शांतता. मग, “मॅडम, घरात कोणी जेंट्स आहेत का? फोन जरा त्यांना देता? त्यांना समजावून सांगतो.”

घरात जेंट्स आहेत. माझे यजमान. जेवून आडवे झाले होते. संगणक कोणत्या बटणाने सुरू होतो हे त्यांना माहीत नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही. मी विचारलं, त्यांना काय समजावणार आहात, ते मलाच सांगा.

“तुमच्या एरियात लाइटचा प्रॉब्लेम आहे मॅडम. व्होल्टेज अप-डाउन होतंय. तुम्ही बेस्टला कंप्लेंट करा.”

महोदय, बेस्टच्या वीजपुरवठा विभागात मी ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली १२ फ्यूज कंट्रोलला, फोनवर. लाइट गेली की लोक जिथे फोन करतात, तिथे फोन उचलणारी मी होते. पावसाळ्यात रात्री दोन वाजता लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पण शिव्या संपल्या की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: फक्त तुमच्या घरातली गेली की अख्ख्या बिल्डिंगची? एवढं कळलं की गाडीबरोबर कोणाला पाठवायचं ते निम्मं ठरायचं. हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. चढ्या आवाजात सांगितलं असेल, नाही म्हणत नाही.

तो म्हणाला, “अरे वा मॅडम, मग तर तुमची तिथे ओळख असेल. काम लवकर होईल.”

यानंतर मी फोन ठेवला नाही. तो आपल्याकडूनच कट झाला.

हाच प्रश्न मी घरी आधीच विचारला होता. त्याच बोर्डवरचा राउटर बंद पडत नाही. ट्यूब लुकलुकत नाही. संगणक यूपीएसवर होता, तो काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला, तरी तेच. आमचे एक निवृत्त वायरमन शेजारच्या चाळीत राहतात. ते मल्टिमीटर घेऊन आले आणि दुपारभर बसले. सॉकेटवर २२९ ते २३४ व्होल्ट. त्यात काही खोट नाही. मग भाचीने रेंडर लावला आणि त्यांनी आपल्या पॉवर सप्लायच्या, म्हणजे यंत्राला आतून वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पिवळ्या वायरवर मोजलं. तिथे १२ व्होल्ट हवेत, ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. रेंडर लावल्यावर ११.२ आले. थोड्या वेळाने यंत्र गेलं.

एवढ्यावर मी थांबले नाही. रॅम खराब असेल म्हणून रात्रभर मेमटेस्ट चालवला, एकही चूक नाही. प्रोसेसरचं तापमान ७० अंशांच्या आत. शेवटी लॅमिंग्टन रोडच्या एका दुरुस्तीवाल्याने दुसरा पॉवर सप्लाय चार दिवसांसाठी दिला. तो लावून भाचीने दोन रात्री रेंडर केले, यंत्र हललं नाही. आपला परत लावला, अकराव्या मिनिटाला गेलं. पुन्हा त्याचा लावला. दोष आपल्या पॉवर सप्लायमध्ये आहे. लोड आला की तो बसतो.

आता आपले तंत्रज्ञ. पहिली तक्रार आपण बेंगळुरूच्या केंद्राकडे पाठवली, कारण पत्त्यात ‘लालबाग’ होतं. शेजारी ४०००१२ हा पिनकोड आणि मुंबई असंही लिहिलं होतं. ते वाचायला वेळ नसावा. मग पहिला मुलगा आला, त्याने कॅबिनेट उघडलं, आत डोकावला आणि विंडोज नव्याने टाकून गेला. दुसऱ्याने खोडरबराने रॅमचे कॉन्टॅक्ट घासले आणि प्रोसेसरला नवी थर्मल पेस्ट लावली. तिसऱ्याने यंत्र सुरू केलं, चहा घेतला, म्हणाला “चालतोय ना.” रेंडर लावून दाखवते म्हटलं तर पुढचा कॉल भायखळ्याला होता. तिघांनीही जाताना ओटीपी मागितला. आधीच्या दोघांना मी भाबडेपणाने दिला. तिसऱ्याला दिला नाही, तरी मेसेज आलाच: आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. कोणाच्या समाधानाची गोष्ट चालली आहे?

आणि फोन कट होण्याआधी आपल्या त्या मुलाने आणखी एक सांगितलं, की कॅबिनेटचं सील तुटलेलं असल्यामुळे वॉरंटी मिळणार नाही. सील आपल्याच पहिल्या तंत्रज्ञाने, माझ्या दिवाणखान्यात, माझ्यासमोर तोडलं. नवीन लावलं नाही. त्याच्या भेटीच्या कागदावर ‘कॅबिनेट उघडून तपासणी’ असं त्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे. प्रत जोडली आहे. हा कागद मी जपून ठेवेन हे बहुधा आपल्या हिशेबात नव्हतं.

मला नवीन पॉवर सप्लाय हवा आहे, सील आपल्या माणसाने तोडल्याचं लेखी हवं आहे, आणि लॅमिंग्टन रोडच्या माणसाचे ४०० रुपये. भाचीचा एक अख्खा रात्रीचा रेंडर वाया गेला आणि ती सकाळी रडत कॉलेजला गेली, त्याचे पैसे मी मागत नाही. मागता आले असते.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि तिथून पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच तक्रार करता येते, वकील लागत नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. मी निवृत्त आहे. मला तारखांना यायला वेळच वेळ आहे.

वाईट एका गोष्टीचं वाटतं. दुकानदार दुसरा, पाच हजारांनी स्वस्त ब्रँड देत होता. मीच म्हटलं, नको, यांची सर्व्हिस चांगली असते.

उसना पॉवर सप्लाय सोमवारी परत करायचा आहे. भाचीचं सबमिशन २४ तारखेला आहे.

आपली,
(विषयातल्या तिन्ही ‘सोडवलेल्या’ तक्रारींची ग्राहक)
लालबाग, मुंबई ४०००१२

ता. क. पत्र लिहून होता होता आपल्याकडून फोन आला. शनिवारचा कॉल क्लोज करायचाय, ओटीपी सांगा. दिला नाही.