काकांची हत्यारे कोणाला द्यावीत

कॅलगरी, कॅनडा

तीर्थस्वरूप काकूस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तेरवीला मी पोहोचू शकलो नाही, आणि फोनवर तुझा आवाज ऐकला की पुढचे शब्द सुचत नाहीत, म्हणून हे पत्र. परवा दादाचा फोन आला होता. नागपूरच्या लकडगंजातला काकांचा सुतारकामाचा गाळा रिकामा करून द्यायचा आहे, एका जुन्या सामानवाल्याने सगळ्या हत्यारांना एकगठ्ठा भाव सांगितला आहे आणि तू अजून काहीच बोललेली नाहीस, असे त्याच्याकडून कळले. निर्णय तुझाच राहील. मला काय वाटते ते मात्र सविस्तर लिहितो, कारण काकांविषयी बोलल्याशिवाय त्यांच्या हत्यारांविषयी बोलता येणार नाही.

बाबा गेले तेव्हा मी चौथीत होतो आणि आई मला घेऊन तुमच्याकडे राहायला आली. त्या दिवसापासून काकांनी दादात आणि माझ्यात कधी फरक केला नाही. शाळा सुटली की दोघांनीही थेट गाळ्यात यायचे, हा त्यांचा नियम. अपूर्णांक शिकवले शाळेतल्या गुरुजींनी, पण मला ते कळले गाळ्यात. आठ सुतांचा एक इंच, चार सुतांचा अर्धा, दोन सुतांचा पाव. मग ‘तीन सूत आणि अर्धे सूत मिळून इंचाचा कितवा भाग?’ असे विचारून ते कानावरची पेन्सिल माझ्या हाती देत आणि उरलेल्या फळकुटावर गणित मांडायला लावत. उत्तर चुकले तर रागावत नसत. त्या फळकुटावरून एकदा रंधा फिरवत, साल गळून पडे, गणित नाहीसे होई आणि तेच फळकूट कोरे होऊन पुन्हा माझ्यापुढे येई.

आरामशीनवर लाकूड घ्यायला ते मला बरोबर नेत. आलापल्लीकडचा साग असला की त्यांची पावले आपोआप मंद होत. ओंडक्याच्या कापल्या टोकाशी उकिडवे बसून ते वलये पाहत, बाहेरचे पांढरट कच्चे लाकूड किती आणि आतला तांबूस गाभा किती याचा अंदाज घेत. वाळवी पांढऱ्या लाकडाला लागते, पक्क्या गाभ्याला सहसा शिवत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाने घनफुटाचे पैसे गाभ्याचे मोजले असतील तर पॉलिशखाली पांढरी फळी दडवून त्याच्या घरी जाऊ द्यायची नाही, यावर ते ठाम होते. या ठामपणापायी त्यांची काही कामे गेली, हे तुला ठाऊक आहे. त्याच ठामपणामुळे महालातल्या आणि इतवारीतल्या कितीतरी घरांत आजोबांच्या लग्नातल्या कपाटापासून नातवाच्या पाळण्यापर्यंत सगळी कामे त्यांच्याचकडे आली, हेही तितकेच खरे.

नागपूरच्या हवेत सुतारकाम करणे म्हणजे काय, हे मला इथे आल्यावर अधिक समजले. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि हवा अगदी कोरडी पडते. पुढे जुलै लागला की तीच हवा ओलीगच्च होते. फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत आकसते आणि फुगते. म्हणून काका दाराचे पॅनेल चौकटीच्या खाचणीत सरस न लावता मोकळे बसवत आणि कडेला सूतभर जागा सोडत. एका गिऱ्हाइकाने ऐन मे महिन्यात पॅनेल हलते म्हणून तक्रार केली, तेव्हा काकांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, ‘‘पावसाळ्यात या न भाऊ, मंग पाहू.’’ ते गृहस्थ आले ते थेट दिवाळीत, मुलीच्या लग्नाच्या पलंगाचे माप घेऊन. इथल्या हिवाळ्यात घरे इतकी तापवतात की आतली हवा नागपूरच्या मे महिन्यासारखी कोरडी होते. माझ्या शेजाऱ्यांच्या जेवणाच्या मेजाला त्यामुळे टोकापासून टोकापर्यंत चीर गेली. काकांनी दिलेला चौरंग मात्र तसाच्या तसा आहे. मी तो उलटा करून पाहिला, तर खालच्या पट्टीतली स्क्रूची भोके त्यांनी आडव्या अंगाला थोडी लांबट ठेवली आहेत, फळीला सरकायला वाव मिळावा म्हणून.

तान्ह्या पोळ्याच्या आधी महिनाभर गाळ्यात काय चाले, ते मुलांना आवर्जून सांगत जा. दिवसाचे काम उरकले की काका उरल्यासुरल्या सागाच्या तुकड्यांतून बैल घडवायला बसत. वशिंड आधी, मग मान, आणि शिंगे शेवटी वेगळी बसवायची, म्हणजे मोडली तर बदलता येतात. वस्तीतल्या ज्या पोराच्या घरी बैल विकत घेण्याची ऐपत नसे, त्याच्या दारात पोळ्याच्या संध्याकाळी चाकांवरचा बैल पोहोचलेला असे, आणि तो कोणी दिला हे त्या घरात विचारायचे नाही, असा आम्हाला दम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मारबतीची मिरवणूक पाहायची, संध्याकाळी सजवलेले बैल घेऊन घरोघरी जायचे आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. आमच्याबरोबरच्या प्रत्येक पोराकडे बैल आहे ना, एवढे काका ओट्यावरून पाहत असत.

नव्या संसद भवनात नागपूरचे सागवान वापरले, ही बातमी 2023 मध्ये आली तेव्हा त्यांनी मला फोन केला होता. त्यांच्या आवाजात इतका आनंद मी क्वचितच ऐकला. त्यातली एकही फळी त्यांच्या हाताखालून गेलेली नव्हती, तरी हा आपल्या बाजाराचा मान आहे, असे ते पुन्हापुन्हा सांगत राहिले.

आता एक गोष्ट, जी आपण दोघांनी कधी उघड बोललेली नाही. माडीखालच्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचलेल्या सागाच्या फळ्या ते वर्षानुवर्षे वाळवत होते. आपल्या घराचे पुढचे दार त्यांतून करायचे होते. मी कॅनडाला निघालो त्या उन्हाळ्यात ती थप्पी दिसेनाशी झाली. काकांनी मला एवढेच सांगितले की चांगला भाव आला. ते पैसे माझ्या तिकिटात आणि पहिल्या फीमध्ये गेले, हे मला आईकडून पुष्कळ उशिरा कळले. आयुष्यभर लोकांची दारे घडवणाऱ्या माणसाच्या घराला आजही बाजारातले तयार फ्लश दार आहे, आणि ते माझ्यामुळे आहे. हे मी कधीही विसरणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की हत्यारे विकू नयेत, ती बालाघाटहून आलेल्या आपल्या मिस्त्रींना द्यावीत. ते पोरवयात गाळ्यात आले, भुसा झाडण्यापासून शिकले आणि शेवटच्या आजारपणात काकांचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांची अपुरी कामे त्यांनीच पुरी केली. खंडेनवमीला हत्यारे मांडून झाली की काका हळदकुंकू त्यांच्या हातून वाहवत, दादाच्या किंवा माझ्या हातून नाही; आम्ही दोघेही या धंद्यात येणार नाही, हे त्यांनी आमच्याआधी ओळखले होते आणि त्याचे दुःख कधी आमच्या अंगावर येऊ दिले नाही. त्या रंध्यांच्या मुठी काकांनी स्वतः घडवलेल्या आहेत. सामानवाला त्यांचे लोखंड तोलून घेईल आणि मुठी फेकून देईल. मिस्त्री त्याच मुठी धरून उद्या सकाळी कामाला लागतील.

पैशाची अडचण दादा बोलला नाही, पण मला ती कळते. आजारपणात त्याचा हात पुष्कळ आखडला असणार. सामानवाल्याने सांगितलेली रक्कम मी या महिन्यातच त्याच्या खात्यावर पाठवतो. त्याने ती परकेपणाने घेऊ नये, एवढे तू त्याला सांग. मिस्त्रींकडून काही घेऊ नका. गाळा त्यांच्या नावावर चालवायला मालक तयार आहेत का, तेही दादाने एकदा विचारून पाहावे. नाहीच जमले तर दुसरी जागा मिळेपर्यंत पेटी आपल्या ओसरीवर ठेवता येईल. पावसाळ्याआधी पटाशा आणि रंध्यांची पाती तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावी लागतील, नाहीतर पहिल्याच ओल्या हवेत गंज धरेल.

वर्षश्राद्धाला मी येत आहे, रजा मंजूर झाली आहे. तोवर गोळ्या वेळेवर घेत जा. आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा