अनिता मुईची ती नजर

महोदय,

स्टॅनली क्वान यांचा ‘रूज’ (१९८७) हा हाँगकाँगचा कँटोनीज चित्रपट ‘रडका’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी एकदा तो नीट बघावाच. १९३४ साली प्रियकरासोबत अफू खाऊन जीव दिलेली गणिका पन्नासहून अधिक वर्षांनी भूत होऊन परतते, त्याला शोधायला वर्तमानपत्राच्या कचेरीत जाहिरात द्यायला येते. कथा भडक आहे, कबूल. पण गणिका झालेली अनिता मुई आवाज चढवत नाही, सगळं दुःख नजरेत! तेव्हा वाचलेला, आता म्हातारा झालेला प्रियकर अखेर सापडतो, तेव्हा इतकी वर्षं गळ्यात जपलेली रूजची (गालांना लावायच्या लालीची) डबी ती शांतपणे परत करते. तिथे माझा बांध फुटला. लेस्ली चेउंगने रंगवलेला देखणा, मनाचा कच्चा प्रियकरही तितकाच खरा. दोघेही २००३ मध्येच गेले. त्यांच्यावर आपल्या पुरवणीत सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे